सुपडूला दम लागला

आमची पलटण मैदानी छावणीत होती आणि उन्हाळा सरला की पहाडावर जायचा हुकूम आला होता. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. मी हवालदार, कंपनीचा पीटी उस्ताद. सकाळी माझी पद्धत ठरलेली. ग्राउंडची एक चक्कर जीव तोडून पळायची, दुसरी चालत. चालणं संपलं की प्रत्येकाने नंबर, रँक आणि पूर्ण नाव एका दमात सांगायचं. नाव मध्येच तुटलं तर पुढची चक्कर नाही, बाजूला बसायचं. जवान आधी हसायचे. पण थोड्याच दिवसांत ज्याला त्याला आपली धाप ओळखता येऊ लागली. वजनंही उचलवून घ्यायचो, एक दिवसाआड. दोन्ही लागतं, हे माझं मत तेव्हाही होतं.

आमच्या कंपनी कमांडर मेजर साहेबांना मात्र रस्सीखेचीचा कप हवा होता.

"उस्ताद, ये भागना-चलना बंद. मुझे ताकत चाहिए."

हुकूम म्हणजे हुकूम. सकाळ-संध्याकाळ वजनं आणि दोर सुरू झाले. दोराच्या शेवटी, अँकरच्या जागेवर, सिपाही सुपडू दगा माळी. शिरपूरकडचा गडी. फौजेत येईपर्यंत बापाबरोबर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवायचा. मी धुळ्याचा, त्यामुळे ग्राउंडबाहेर आमचं अहिराणीतच चालायचं. एकदा पळण्यावरून त्याला म्हटलं, "सुपडू, थोडं पयत जाय रे."

"मनामा दम शे ना भाऊ. माले काय व्हस?" माझ्यात दम आहे, मला काय होणार, असंच तो धरून होता.

कप आम्ही जिंकला. फोटोत मेजर साहेब मधोमध बसले आणि सुपडू मागच्या रांगेत कडेला उभा राहिला.

पहाडावर येऊन फार दिवस झाले नव्हते. वरच्या पोस्टवर सामान पोचवायला पार्टी निघाली. मेजर साहेबांनी सगळ्यात जड बोजा सुपडूच्या पाठीवर चढवायला लावला. मी आणि मेजर साहेब खाली वायरलेसपाशी होतो. पार्टीबरोबर सेट घेऊन चोपड्याचा गणेश गेला होता. दुपारी त्याचा आवाज आला.

"सर, सुपडू को दम लग रहा है. ओवर."

मेजर साहेब उत्तरेकडचे. त्यांच्या कानाला ते वेगळंच लागलं. सुपडू दम लगा रहा है, म्हणजे जोर लावतोय, असं ते समजले.

"शाबाश. लगाने दो. ओवर."

मी म्हणालो, "साहब, हमारी मराठी में दम लगना मतलब साँस फूलना. उसको रोकिए."

"उस्ताद, वो मेरा एंकर है. उसको कुछ नहीं होगा."

मी हँडसेट मागितला. दिला नाही. बऱ्याच वेळाने गणेश पुन्हा सेटवर आला तेव्हा हिंदी विसरून गेला होता. "सुपडू बसून गेला, उठत नाही," एवढंच बोलत राहिला. मग हँडसेट माझ्या हातात आला.

"गणेश, त्याला नाव विचार. सेट त्याच्या तोंडाशी धर."

नंबर नीट आला. मग, "सिपाही सुपडू द..." आणि पुढे नुसती घरघर.

"बोजा टाका. त्याला खाली आणा. आत्ताच्या आत्ता. ओवर."

पोरांनी त्याला आळीपाळीने पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेत तो गेला.

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलं. उंचीची हवा पळणाऱ्यालाही सोडत नाही आणि वजन उचलणाऱ्यालाही. पण पहिली धाप लागली तेव्हाच खाली आणला असता तर वाचला असता. मेजर साहेबांना पुढे बढती मिळाली. मला त्यांचा राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

सुपडूला घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. त्याची माय रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मना पोऱ्यामा इतला दम व्हता, भाऊ. तो कसा सरना?"

आता मी पिंप्राळ्यात राहतो. कॉलनीच्या तोंडाशी नवी जिम निघाली आहे. तिचा मालक संजय परवा म्हणाला, "आबा, तुम्ही उस्ताद होते ना. सगळं अंग तयार करायचं तर वजनं बरी की थांबून थांबून पळणं बरं?"

मी म्हटलं, "दोन्ही कर. पण प्रत्येक खेपेनंतर पूर्ण नाव सांगायला लाव."

"नाव काय, कोणीही सांगेल," असं म्हणून तो हसला.

सकाळी मी मैदानावर जातो. एक चक्कर पळत, एक चालत. चालणं संपलं की उभा राहून नंबर, रँक आणि नाव म्हणतो, पण माझं नाही. सिपाही सुपडू दगा माळी. हल्ली 'दगा'पाशी आवाज तुटतो. धाप लागलेली नसते, तरी तुटतो. मग मी पुढची चक्कर घेत नाही, बाजूला जाऊन बसतो.