व्हर्नाच्या हातची रेघ

हात्सुये मिनामीच्या हाताची स्टुडिओत ख्याती होती. शेजारच्या टेबलावरच्या मुली म्हणायच्या, "हॅटी, भूकंप आला ना, तर सगळं लॉस एंजेलिस हलेल, पण तुझी रेघ नाही हलायची!"

वरच्या मजल्यावरचे पुरुष पेन्सिलीनं मांजरं पळवायचे, कोंबड्या नाचवायचे. खालच्या मजल्यावर या मुली ती चित्रं पारदर्शक शीटांवर शाईनं गिरवायच्या, मग पाठीमागून रंग भरायचा. सहा-सात मिनिटांच्या कार्टूनला हजारो शीटं लागत. पडद्यावर नावं झळकायची ती वरच्यांची. हात्सुयेला त्याचं फारसं वाटत नसे. रेघ नीट उतरली की तिचा दिवस चांगला जायचा.

व्हर्ना लिंडक्विस्ट नेब्रास्काहून नवी आली तेव्हा तिचा हात भयंकर कापायचा. पंधरवड्यात तिला घरी पाठवणार हे सगळ्यांना दिसत होतं. हात्सुयेनं जेवणाच्या सुट्टीत तिला शेजारी बसवून शिकवलं. "मनगटातून नको गं, खांद्यातून काढ. वळणावर दाब, सुटताना हलकी हो." व्हर्ना शिकली. फक्त रेघ संपताना तिच्या निबाला एक बारीक झटका बसायचा, शेवटी गळासारखा वाकडा आकडा उमटायचा. तो काही केल्या जाईना. "असू दे," हात्सुये हसून म्हणाली, "तेवढी तुझी सही."

जपाननं पर्ल हार्बरवर बाँब टाकले आणि पुढच्या वसंतात भिंतींवर सरकारी हुकूम लागले. जपानी वंशाच्या सगळ्यांनी, इथं जन्मलेल्यांनीसुद्धा, हातात मावेल तेवढं सामान घेऊन वाळवंटातल्या पहाऱ्याच्या छावण्यांत जायचं. खात्याच्या प्रमुख मिसेस प्रॅथर म्हणाल्या, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे." व्हर्ना गळ्यात पडून रडली. हात्सुयेनं आपले निब तिच्या हातात ठेवले. तिकडे वाळवंटात त्यांचं काय करणार होती?

ॲरिझोनाच्या छावणीत धूळ भातातसुद्धा असायची. तिचे वडील तोकुजी, सगळे त्यांना पापाच म्हणत, पॅसाडिनातल्या बंगल्यांच्या बागा तीस वर्षं सांभाळून आलेले. पुढे आलेले दात, जाड भिंगांचा चष्मा. लेकीनं केलेलं कार्टून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बागेतून सुटी कुठली? म्हणून पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, भोजनगृहाच्या खिडक्यांना ब्लँकेटं टांगून सिनेमा लागणार, त्याआधी तिच्या स्टुडिओचं कार्टून आहे असं कळलं, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझी मुलगी करते हे."

स्टुडिओचं नाव आलं तेव्हा टाळ्याही पडल्या.

मग एका बेटावर मांजर उतरलं, खलाशाची टोपी घातलेलं. झुडपांतून पिवळे सैनिक निघाले. वाकून नमस्कार करायचे आणि पाठीमागून सुरी काढायचे. पोरं हसली. पापाही हसले, त्यांना ती माकडं वाटली. मग त्यातल्या एकाचं तोंड पडदाभर मोठं झालं. दात आणि चष्मा, दुसरं काही नाहीच. पापांचं हसू तिथंच राहिलं.

हात्सुये मात्र त्या तोंडाची कड बघत होती. हनुवटीखाली रेघ सुटली होती तिथं तोच बारीक आकडा होता.

"हे तू काढतेस?" पापांनी जपानीत हळूच विचारलं.

"नाही, पापा."

"तुमच्याकडे काढतात?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, खिशात घातला. पुढचा दीड तासाचा सिनेमा संपेपर्यंत ते तसेच बसून होते. त्या दिवसानंतर माणसांत त्यांनी चष्मा लावला नाही. दोनदा चरात पाय जाऊन पडले.

"लावा ना हो पापा. हातपाय मोडून घ्याल."

"कशाला? बघण्यासारखं काय आहे इथं?"

युद्ध संपल्यावर ती दोघं परत आली. पापांच्या जुन्या बंगल्यांवर दुसरे माळी होते. हात्सुये नोकरीच्या पाट्या वाचत हिंडली. तिचं तोंड बघितलं की जागा भरलेली निघायची. शेवटी ती स्टुडिओत गेली.

"जागा आहे," मिसेस प्रॅथर म्हणाल्या. "पण हॅटी, झालं गेलं इथं उकरायचं नाही हं."

कँटीनमध्ये व्हर्नानं तिला बघून किंकाळीच फोडली, मिठी मारली. अंड्याचं सँडविच समोर ठेवून ती बडबडत होती. हात्सुयेनं तिला मध्येच अडवलं.

"ते बेटावरच्या मांजराचं. ती मोठी तोंडं तू गिरवलीस ना?"

"कुठलं गं? तसली चार-पाच केली आम्ही." मग तिच्या ध्यानात आलं. "अय्यो, हॅटी. वरून कागद यायचे, आम्ही गिरवायचो. माझा भाऊ तिकडं लढत होता. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, सांग ना?"

उत्तर फार लवकर सुचलं, त्याचाच हात्सुयेला राग आला. युद्धाआधी तिनं स्वतः किती काळे नोकर गिरवले होते, लोकांना हसवायला काढलेले, जाड ओठांचे, कलिंगडामागे धावणारे. ओठांची कड सफाईदार आली की खूश होऊन पुढचं शीट ओढायची. ती तोंडं कुणाची, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"गिरवलं असतं," ती म्हणाली.

"बघ!" व्हर्नाचा जीव भांड्यात पडला. तिनं अर्धं सँडविच मोडून पुढं केलं. हात्सुयेनं ते खाल्लं. घास गिळताना तिला व्हर्नाचा जेवढा तिटकारा आला तेवढा छावणीतल्या पहारेकऱ्यांचाही कधी आला नव्हता, आणि तो बोलून दाखवायची सोयही आता उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दोघी पुन्हा शेजारी बसल्या. पुढे व्हर्ना लग्न करून फ्रेस्नोला गेली, नाताळला कार्डं पाठवू लागली. हात्सुयेनं दोनदा उत्तर दिलं, मग सोडलं.

पापांना तिनं सांगितलं होतं, टोप्यांच्या कारखान्यात काम मिळालंय. संध्याकाळी ती भात वाढायची तेव्हा तिच्या बोटांवर शाई असायची. ते बोटांकडे बघायचे, वाडगा घ्यायचे आणि म्हणायचे, "टोप्यांचा धंदा बरा चाललाय म्हणायचा." मरेपर्यंत त्यांनी याहून जास्त काही विचारलं नाही.