गाडीत न बसणारा कुत्रा

दमा हे कारण मी पुढं केलं. ऑफिसात, शेजारी, मेहुणीला, सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर म्हणाले, घरात केसाळ जनावर नको. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. दमा मला आहे, पण तो कुत्रा आणि मांजर घरात यायच्या आधीपासून आहे आणि त्यांच्यामुळं कधी वाढलेला नाही.

खरं कारण संध्याकाळचं होतं. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. ती शाळेत शिकवायची. शाळा सुटल्यावर ती स्कूटरवरून घरी यायची, त्या वेळेला कुत्रा अजूनही फाटकापाशी जाऊन बसायचा. तसल्याच आवाजाची स्कूटर बोळात शिरली की उठायचा, शेपूट हलवायला लागायचा, आणि स्कूटर पुढं निघून गेली की शेपूट मधेच थांबायची. मग वळून माझ्याकडं बघायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. तिथं रेंगाळायचं म्हटलं तर काम कधीही मिळतं. मी उशिरा घरी यायला लागलो, अंधार पडल्यावर, म्हणजे तो फाटकापाशी दिसायचा नाही. एवढंच कारण. ते कुणाला सांगणार?

मेहुणी धारवाडला असते. तिच्या घरामागं मोठं परडं आहे. फोनवर मी आधी कुत्र्याचं विचारलं, मग चाचरत म्हटलं, मांजरही आहे, ते त्याच्या पोटाला टेकूनच झोपतं.

"दोघांनाही आणा की दाजी. ताईची जनावरं ती माझीच," ती म्हणाली. "तुम्ही आधी तब्येत बघा."

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, न्यायचं तर थंडीतच न्या, तुमच्या गाडीचा एसी चालत नाही, उन्हाळ्यात तो रस्ता भाजून काढतो. पहाटे निघा. लसीची कार्डं जवळ ठेवा. आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका. मग विचारलं, "गाडीची सवय आहे का?"

सवय कसली. लहान असताना एकदाच त्याला गाडीतून इंजेक्शनला नेलं होतं. वाटेत तो ओकला, मुतला, आणि परत आल्यावर दिवसभर कॉटखाली बसला. त्यानंतर गाडीचं दार उघडलं की चारी पाय रोवून उभा राहायचा. 'हा काही गाडीत बसत नाही' हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. बायको त्याला चालतच न्यायची जनावरांच्या दवाखान्यात.

"मग सराव करा," डॉक्टर म्हणाले. "आधी गाडी बंद ठेवून आत बसवा, तिथंच खायला घाला. मग जरा फिरवून घरी आणा. दर वेळी घरी आणायचं, बरं का. गाडी परत घरी येते हे त्याला कळलं की भीती जाते."

मी बायकोची चादर मागच्या सीटवर अंथरली. तिच्या कॉटवरची, अजून धुतली नव्हती. तूप लावलेल्या पोळीचे तुकडे घेऊन आत बसलो आणि दार उघडं ठेवलं. तो बराच वेळ बाहेर उभा राहिला. मग चादरीला नाक लावलं, हुंगत राहिला, आणि चढला.

शेजारचे आजोबा फाटकावरून बघत होते. "काय सायेब, त्याला ड्रायविंग शिकवताय व्हय?"

"धारवाडला सोडायचंय."

"मग त्यालाच चालवू द्या की. तुमच्यापरीस बरी चालवंल."

मी हसलो. चार-पाच दिवसांत तो चालू गाडीतही शांत बसायला लागला. रोज सकाळी विजापूर रोडनं शहराबाहेरच्या एका चहाच्या टपरीपर्यंत जायचं, मी चहा घ्यायचा, त्याला बिस्कीट, आणि मागं वळायचं. आठवडा होतो न होतो तोच मी किल्ली हातात घेतली की तो आधी गाडीपाशी जाऊन उभा राहू लागला.

तो असा आपणहून उभा राहिला त्या सकाळी, फिरून परत आल्यावर, घराच्या दारात मी गाडी बंदच केली नाही. इंजिन चालू ठेवून तसाच बसलो.

बायको दवाखान्यात होती तेव्हा शेवटी शेवटी तिनं एकच गोष्ट मागितली होती. "अहो, एकदा त्याला खाली घेऊन या ना. वर नको, नुसतं खाली. मी खिडकीतून बघते." दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चालत नेण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, "तो गाडीत बसतो का? तुला माहीत नाही?" ती म्हणाली, "हो, तेही खरंच." दोन-तीन दिवसांनी पुन्हा म्हणाली, "रिक्षात बसला तर?" मी म्हटलं, बरी होऊन घरीच ये की. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

मी एकदाही प्रयत्न केला नव्हता. दार उघडून साधी हाक मारली नव्हती. थकलो होतो हे खरं, पण दवाखान्याखाली कुत्रं घेऊन उभं राहिलो तर लोक काय म्हणतील, हेही डोक्यात होतं. आणि चादर, पोळी, चार-पाच सकाळी, एवढ्यावर ते होण्यासारखं होतं.

हे कळल्यावर तरी त्याला ठेवून घ्यायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. माझं उलट झालं. आधी फक्त संध्याकाळी त्याच्याकडं बघवत नव्हतं, आता सकाळीही बघवेना. मी मेहुणीला फोन करून रविवार पक्का केला.

निघालो तेव्हा उजाडायचं होतं. मांजराला झाकणाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घातलं, झाकण सुतळीनं बांधलं. ते ओरडत होतं, हाताला त्याचे ओरखडे निघाले होते. कुत्र्याला काही करावं लागलं नाही. दार उघडल्याबरोबर तो चढला आणि चादरीवर बसला.

टपरी आली. तिथं शेकोटी पेटली होती. मी वेग कमी केला नाही. टपरी मागं गेली तसा तो उठून उभा राहिला, मागच्या काचेतून बघितलं, मग हनुवटी माझ्या सीटच्या पाठीवर ठेवली. ओरडला नाही. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. भीमेचा पूल ओलांडला, पाट्या कानडी झाल्या, तोवर मांजरही गप्प झालं होतं. पुढं दोनदा थांबून पाणी दिलं. कुत्र्यानं तोंड लावलं नाही.

मेहुणी दारातच उभी होती. "बा, बा," तिनं त्याला कानडीत बोलावलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जा." तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला चादरीसकट परड्यात घेऊन गेली आणि मी मागं न बघता निघालो. त्याचा निरोप घेतला नाही.

आता मी ऑफिसातून वेळेवर येतो. फाटकापाशी कुणी नसतं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

परवा मेहुणीचा फोन आला. "दाजी, तुम्ही म्हणत होता, पहिल्यापासून गाडीला घाबरायचा म्हणून. कुठं घाबरतोय? शेजाऱ्यांनी गाडीचं दार उघडं ठेवलं की जाऊन मागं बसतोय. उतरतच नाही. ओढून काढावं लागतं." तिच्यामागं घरातली माणसं हसत होती.

"कुणाच्याही गाडीत?"

"कुणाच्याही. बसतो आणि समोर बघत राहतो. सगळ्यांना मजा वाटते."

मी मांजराचं विचारलं. म्हणाली, कपाटावरून खाली येत नाही अजून, पण खातंय.

मग तिनं विचारलं, दमा कसा आहे.

मी म्हटलं, कमी आहे.