बोर्डिंगात ठेवताना

आमच्या घरी पोरगं जरा मोठं झालं की त्याला बोर्डिंगात ठेवायचं, यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या वडिलांनी जयसिंगपूरला एसटीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "कोल्हापुरात उतरवा, बोर्डिंगची वाट दावा." झाली ॲडमिशन! मला मात्र आप्पा स्वतः मंगळवार पेठेतल्या बोर्डिंगात घेऊन आले. १९९१ साल असावं. रेक्टर सरांना हात जोडून म्हणाले, "पोरगं तुमच्या ताब्यात दिलंय. चुकलं तर हाणा."

पुढं आप्पा रविवारी भेटायला यायचे. मी शेजारी उभा असायचो आणि ते सरांना विचारायचे, "कसं हाय पोरगं?" सर सांगायचे, "बरं आहे." मग आप्पांचं समाधान व्हायचं. मला विचारायला यांचं काय जात होतं, हे कोडं मला काही सुटत नसे. आपण घरात नकोसे झालोय, असं मी मनाशी धरून बसलो होतो आणि ते फार लागायचं.

२००६ मध्ये ताईनं तिच्या मुलासाठी शहराबाहेरची एक निवासी शाळा पसंत केली. बघायला आप्पा आणि मीही गेलो. ताईनं प्रिन्सिपॉल बाईंना धारेवरच धरलं. गाद्या कसल्या, पाणी फिल्टरचं का, पोरगं जेवलं नाही तर कोण बघणार, फोन कधी करू द्याल? बाई बिचाऱ्या प्रत्येक उत्तराला "मॅडम" जोडत होत्या. आप्पा माझ्या कानाशी लागले, "परीक्षा कुणाची हाय रं? पोराची का साळंची?"

मलाही मोठी मौज वाटत होती. हात जोडायची पाळी आता शाळेवर आली होती, आणि हे कधी उलटं झालं ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. ताईची खात्री पटली. ती फॉर्मवर सही करणार, तेवढ्यात आप्पांनी नातवाला जवळ ओढलं.

"बाळ, तुला ऱ्हायचं हाय का हितं?"

भाच्यानं आईकडं बघितलं, मग आजोबांकडं. "न्हाय," तो म्हणाला.

"मग चला की," म्हणून आप्पा उठलेच. ताई जाम भडकली. येताना चहाला थांबलो तेव्हा गाडीतून उतरलीसुद्धा नाही.

राग मलाही आला होता, पण वेगळाच. बाकड्यावर आप्पांशेजारी बसलो आणि तोंडातून निघूनच गेलं, "आप्पा, मला का नाही विचारलं तेव्हा?"

त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत.

"तू न्हाय म्हणला असतास," ते म्हणाले. "मग तुला ठिवून माघारी कसा आलो असतो मी?"