आमच्या वार्ताहराकडून

वर्तमानपत्राच्या कचेरीत पाऊल टाकताना तिला वाटलं होतं, कुणीतरी आपल्या गळ्यात ओळखपत्र अडकवेल आणि म्हणेल, चल, आग लागलीय कुठेतरी. प्रत्यक्षात तिला जिन्याखालच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं आणि डोक्यावर चढवायचा फोन हातात दिला.

तो आठवडा तिच्या वर्गातल्या सगळ्यांनाच कुठेतरी काम करून काढायचा होता. कुणी बँकेत गेलं, कुणी दातांच्या दवाखान्यात. तिने वर्तमानपत्र हट्टाने मागून घेतलं होतं. शाळेची अट अशी की, केलेल्या कामातलं काहीतरी परत आणून दाखवायचं. बातमीदाराने काय दाखवायचं, तर छापून आलेला मजकूर आणि त्यावर स्वतःचं नाव. ही अट तिच्यापेक्षा तिच्या बाबांनीच जास्त मनावर घेतली. ते एका गोदामात कामाला होते. शनिवारचे चार अंक जास्त टाक, असं त्यांनी पेपरवाल्याला सांगूनही टाकलं होतं.

"नाव पूर्ण घालायला सांग," ते म्हणाले. "मधलं माझं पण. जागा असली तर."

काचेच्या खोलीतल्या ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या होत्या. आसपासच्या गावांतले वार्ताहर संध्याकाळी फोन करत, बातमी सांगत आणि ताई ती उतरवून घेत. आता ते काम हिच्याकडे आलं. खोलीत एक पंखा होता, तो फिरण्यापेक्षा कुरकुरायचाच जास्त. काचेवर जुन्या चिकटपट्ट्यांचे पिवळे डाग होते. बाहेरून जाणारा प्रत्येकजण आत डोकावून जायचा. दुपार होईपर्यंत कचेरीने तिचं बारसंही उरकून टाकलं: शाळा. "शाळा, चहा घेणार?" "शाळा, तुझा फोन वाजतोय."

पहिल्या संध्याकाळी आलेल्या फोनवरचा आवाज सावकाश होता, जरासा खरखरीत. मागे काहीतरी खडखड चालू होतं.

"ताई नाहीत का?"

"रजेवर आहेत. मी घेते बातमी. तुमचं नाव सांगा."

"नाव कशाला? नदीपलीकडून बोलतोय म्हटलं की झालं."

"पण बातमीवर नाव?"

"नाव नसतं त्यात, लेकरा. 'आमच्या वार्ताहराकडून', बस. घे लिहून. गावातील शाळेच्या छपराचे काम स्वल्पविराम..."

तिने 'स्वल्पविराम' असा शब्दच टाइप केला. वाचून दाखवल्यावर पलीकडे दोन माणसं हसली. एक पुरुष, एक बाई.

"ही आमची बायको," आवाज म्हणाला. "मशीनवर बसलीय. काज करते आणि माझ्या चुका काढते."

असे ते तिला भेटले: नदीपलीकडचे काका, गावातले एकुलते एक शिंपी. दुकानाचं दार ओढून घेतलं की फोन करायचे. बातमी संपल्यावर फोन मात्र लगेच ठेवायचे नाहीत. इतकी वर्षं बातम्या देऊन सगळ्या जगाला खबर पोचवणाऱ्या या माणसाला स्वतःचं काही विचारणारं कुणी भेटलं नसावं. ही तर विचारायलाच बसलेली होती.

"तुम्हाला कळतं कसं सगळं?"

"अगं, मापाला माणूस समोर हात पसरून उभा राहतो. हलता येत नाही, मग बोलतो. घरातलं असेल ते मी कानाआड करतो. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाची कंबर वाढली, ते आपलं नाही. गावाचं असेल तेवढं तुमच्याकडे देतो."

मग त्यांनी गावच्या पुढाऱ्याचा किस्सा सांगितला. रस्त्याचं काम अर्ध्यावर सोडल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात पुढारी कोटाच्या मापाला आला. म्हणाला, हा वार्ताहर एकदा सापडू दे, तंगडंच मोडतो त्याचं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, साहेब, आधी श्वास सोडा. पोटाचं माप चुकेल."

मागून बायकोचा आवाज आला, "चुकवायलाच हवं होतं. चार दिवस झोप लागली नाही ह्यांना."

ती हसता हसता हे सगळं लिहीत गेली. बातमीसारखं नाही, मनासारखं. रस्ता अजून अर्धाच होता आणि कोट कसा अंगाबरोबर बसला, हेसुद्धा. नदीपलीकडे ती कधीच गेली नव्हती. पण डोळे मिटले की दुकान दिसायचं: गळ्यात टेप, टेबलावर खडूच्या रेघा, दाराच्या फटीतून येणारा उजेड, आणि मशीनच्या पायट्यावर हलणारे एका बाईचे पाय. हिशेब खात्यात जाऊन तिने काकांचं पूर्ण नावही मिळवलं. आणि भीत भीत तो लेख पुरवणी सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

या बाई दाणे खात खात लोकांचे लेख कापायच्या. तिचा लेख वाचताना त्यांचा हात दाण्यांपर्यंत गेलाच नाही.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"शनिवारी पुरवणीच्या पहिल्या पानावर घेते. वर तुझं नाव, खाली त्यांचा फोटो. इतकी वर्षं बिचारे बिननावाचे राहिले. मागवून घे फोटो."

घरी गेल्यावर तिने बाबांना सांगितलं. ते नुसते उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच पाणी पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन येताच तिला दम निघेना. त्यांना बोलूही न देता तिने सगळं सांगून टाकलं: लेख, पहिलं पान, फोटो, नाव, शाळेत दाखवायचं ते. पलीकडचं मशीन थांबलं.

"लेकरा," काका म्हणाले, "गावात हे कुणालाच माहीत नाही."

तिला क्षणभर अर्थच लागला नाही.

"बातम्या मी देतो, हे आम्हा दोघांनाच माहीत. माहीत असतं तर कोण बोललं असतं माझ्यासमोर? लोक हात पसरून उभे राहिले असते आणि तोंड मिटून घेतलं असतं."

"मी नाव काढून टाकते मग. नुसतं 'एक शिंपी' म्हणते."

"शिंपी एकच आहे गं इथे."

बायकोने काहीतरी विचारलं. काकांनी हळू आवाजात तिला समजावलं. मग ती फोनजवळ आली असावी, कारण तिचे शब्द आता स्पष्ट ऐकू आले. "पोरीला शाळेत दाखवायचं आहे ना ते? मग?"

"तेच विचारतोय," काका म्हणाले. "तुझं फार अडत असेल तर छापू दे, बाळा. मी निस्तरीन. कपडे शिवायला तर येतीलच लोक. नागडे कुठे फिरणार आहेत?"

ते हसले, पण बायको हसली नाही. मग नेहमीच्या आवाजात त्यांनी त्या दिवशीची बातमी सांगितली. गावची पाण्याची टाकी गळतेय, निम्मं पाणी रस्त्यावर जातंय, तक्रार करूनही कुणी फिरकत नाही. तिने ती उतरवून घेतली. एकही शब्द चुकला नाही. फोन ठेवल्यावरही ती तशीच बसून राहिली. नको म्हणाले असते तर तिने रडून घेतलं असतं आणि विषय संपला असता. छापू दे म्हणाले, आणि सगळं तिच्यावर येऊन पडलं.

तिला बाबांचं ते पाणी पिणं आठवलं. मग समोर पडद्यावर तिने नुकतीच उतरवलेली टाकीची बातमी दिसली. ही कुणीतरी कुठेतरी बोलला म्हणूनच आली होती. मापाला उभा राहून, हात पसरून.

ती पुरवणीवाल्या बाईंकडे गेली.

"माझा लेख परत द्या."

"काय?"

तिने कारण सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "पान लागलंय. आता त्या जागी काय छापू? तुझं प्रगतिपुस्तक?"

ती टेबलापासून हलली नाही. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक जुनं शब्दकोडं काढलं. "जा," त्या म्हणाल्या. "आणि तो लेख फाडून टाक, इथे कुणाच्या हाती लागला तर छापूनही मोकळे होतील. काय पण माणसं आहेत इथे." तिच्या हातावर दाण्यांची मूठ ठेवून त्या पुन्हा कामाला लागल्या.

शनिवारी सकाळी बाबा जमिनीवर पाचही अंक पसरून बसले. पुरवणी त्यांनी दोनदा उलटून पाहिली. "कुठे आहे?"

तिने आतल्या पानावरच्या तळाच्या बातमीवर बोट ठेवलं. चार ओळींची होती. वर लिहिलं होतं, आमच्या वार्ताहराकडून.

"ही मी फोनवर घेतली."

"आणि नाव?"

"बातमीला नाव नसतं, बाबा." आणखी काही सांगायचं नाही हे तिने जिन्यातच ठरवलं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. पण चष्मा लावून त्यांनी बातमी वाचली. मग पुन्हा वाचली, ओठ हलवत. "निम्मं पाणी रस्त्यावर?" ते म्हणाले. "आणि कुणी बघत नाही? काय माणसं आहेत." त्यांनी कात्री आणली आणि बातमी कापून तिच्या हातात दिली. शाळेत बाईंनी ती पाहून 'प्रयत्न ठीक' असा शेरा मारला.

पुढे ती काचेची खोली गेली, तो फोनही गेला. शिकण्यासाठी ती दुसऱ्या शहरात राहू लागली. कधी एखाद्या दुकानावरून जाताना आतल्या मशीनची खडखड कानावर आली की तिची चाल आपोआप मंद होते.

बाबा मात्र त्या शनिवारनंतर रोज आतलं पान तळापासून वाचायला लागले. त्यांनी कधीही न पाहिलेल्या त्या गावाची त्यांना सवयच लागली. रस्ता पूर्ण झाला, शाळेवर छप्पर चढलं, ती सुट्टीत घरी आली की सगळं ते तिला जेवताना सांगायचे. आणि एके सकाळी पेपर खाली न ठेवताच म्हणाले,

"टाकी दुरुस्त झाली बरं का."