डॉक्टर आले की

डॉक्टर यायची वेळ झाली की माझी बायको हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसते. सकाळभर पोटाशी गुडघे घेऊन पडलेली असते. पण बाहेर पावलं वाजली की गाऊनवर ओढणी घेते, केस सारखे करते आणि ताठ होते. डॉक्टर दारातूनच म्हणतात, "आज छान दिसताय की! थोडं थांबू, ऑपरेशनची घाई नको." तपासण्यांत दुखण्याचं कारण सापडत नाही, म्हणून निकाल चेहऱ्यावरून लागतो. मला संताप येतो तो त्या दारातल्या नजरेचा, आणि तितकाच, मोठ्यांसमोर लोळायचं नाही असं मुलींना शिकवणाऱ्या घरांचा. पाहुण्यांपुढे हसून चहा ठेवणाऱ्या किती जणींच्या पोटात तेव्हा कळ होती, हे कुणी विचारलं?

आज मी तिच्या खांद्यावर हात ठेवून बजावलं, "उठायचं नाही."

"अहो, बरं दिसतं का ते?"

"दिसू दे वाईट."

डॉक्टर आले. ती तशीच पडून राहिली. ते पहिल्यांदाच खाटेपर्यंत आले, वाकले आणि त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला. कळ दाबत ती म्हणाली, "माफ करा हं डॉक्टर, झोपूनच बोलते."