खंडू भैयांनी सांगितलेलं खोटं

सीपरी बाजारातले खंडू भैया तीस वर्षं बबीन्याच्या लष्करी छावणीत, चांदमारीच्या मैदानावर, रणगाड्यांच्या नेमबाजीसाठी निशाणं उभी करत आले. निवृत्त झाले आणि टीव्हीवरच्या युद्धानं त्यांचं डोकंच फिरवलं. स्टुडिओत भोंगे काय वाजवतात, रोज एक शहर काय जिंकतात, अरे काही लाज? शेवटी म्हाताऱ्यानं स्वतःचं चॅनल काढलं. घरात मराठी, फोनपुढे हिंदी. कुठला व्हिडिओ जुना, कुठला भलतीकडचा, ते पुराव्यानिशी दाखवून द्यायचे. बघता बघता पन्नास हजार लोक ऐकू लागले. खंडू भैया जरा फुशारलेही, खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी दुपारी एका वाहिनीनं ‘सरहद्दीवरून थेट’ म्हणून आग ओकणारे रणगाडे दाखवले. मागे बबीन्याची टेकडी होती. तिच्यावरचे चुन्याचे पट्टे खंडू भैयांनी स्वतःच्या हातानं मारलेले. “काय बेशरम लोक आहेत,” असं बायकोला, इंदूला म्हणत ते फोनपुढे बसलेच. टेकडी दाखवली, पट्टे दाखवले आणि तावातावात पुढे बोलून गेले, “अरे, इन टैंकों की रेजिमेंट तो यहाँ है ही नहीं. मंगल को रेल से निकल गई. हमारी बिटिया ने खुद आरती उतारी.”

ते मात्र खरं होतं. त्यांचा जावई सुजय त्याच रेजिमेंटमध्ये रणगाडा चालवतो. निघण्याआधी छावणीतल्या मराठी बायकांनी आपापल्या माणसांना ओवाळलं होतं. मुलीनं, अक्षदानं, ते बापाला सांगितलं, घरातली गोष्ट म्हणून.

तासाभरात तिचाच फोन आला.

“बाबा, तो व्हिडिओ हटवा आधी. रेजिमेंट कधी निघाली, कशानं निघाली, सगळं सांगून बसलात. सुजय अजून वाटेत आहे.”

खंडू भैयांनी लगेच व्हिडिओ काढला. तोवर दोन लाख लोकांनी तो पाहिला होता आणि सरहद्दीपलीकडच्या एकानं तेवढाच तुकडा उचलून फिरवायला घेतला होता. टीव्हीवाल्यांना नावं ठेवता ठेवता आपणच घरचं माणूस उघड्यावर आणलं, या विचारानं त्यांना स्वतःची किळस आली.

मग त्यांनी तोंड धुतलं, सदरा बदलला आणि ते पुन्हा फोनपुढे बसले.

“मैंने झूठ बोला था,” ते म्हणाले. “कोई रेजिमेंट नहीं गई. आरती-वारती कुछ नहीं हुई. लोग देखें, इसलिए गढ़ दिया. माफ कीजिए.”

लगेच शिव्यांचा पाऊस सुरू झाला. बिकाऊ, झूठा बुड्ढा, ये भी टीवी वाला ही निकला. अक्षदाचा पुन्हा फोन आला; सुजयचा नंबर लागत नव्हता.

इंदूला ते सगळं वाचवेना. ती फोन काढून घ्यायला आली, तर त्यांनी तो घट्ट धरला.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “मी खोटारडा, हे अजून पुष्कळ जणांना पटायचंय.”