गाडी ताब्यात घेण्याची बाबांची पद्धत

मी हवेच्या प्रदूषणाविरुद्ध पत्रकं वाटते आणि आमच्या घरी डिझेलची गाडी आहे. आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी उकरून काढायला नको. गाडी बाबांची. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मुदत. आमच्या गाडीची दहा वर्षं मार्चमध्ये भरत होती आणि त्याआधी ती काढून टाकायची, यावर माझं, आईचं आणि सरकारचं एकमत होतं. बाबांची एकच अट होती. जायच्या आधी तिनं संक्रांतीला पानिपत बघायचं, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायचं, आणि चालवणार ते स्वतः. दर संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाच्या बसमध्ये मागच्या सीटवर आदळत जाऊन जाऊन त्यांची कंबर आणि इतिहासावरचं प्रेम, दोन्ही दुखायला लागली होती.

पण गाडी टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंखा, एवढं कळलं तरी पुरे. ती हवा एका जाड रबरी पाइपातून जाते. तो पाइप निसटला की फस्स होतं, गाडीचा जोर जातो, पिवळा दिवा लागतो आणि मागून काळाकुट्ट धूर निघतो.

डिसेंबरात, सर्व्हिसिंग होऊन आठवडा झाला नसेल तोच, तो पहिल्यांदा निसटला, विमानतळाजवळच्या उड्डाणपुलावर. आमच्या द्वारकेच्या सेक्टरात मार्केटमागे एक मिस्त्री आहेत, अख्खी सोसायटी त्यांच्याकडे जाते. त्यांनी पाइप बसवला, त्यावरचा लोखंडी पट्टा आवळला, गाडी दिली. आठवड्याभरात पुन्हा फस्स. त्यांनी पट्टा बदलला. आणखी आठवड्यानं तिसरी फस्स झाली, ती थेट आमच्या निदर्शनाच्या तोंडावर.

मेट्रो स्टेशनबाहेर आम्ही दहा-बारा जण ‘साँस लेने दो’ म्हणत उभे राहणार होतो. मला अलीकडच्या सिग्नलला सोडा, असं मी बाबांना तीनदा सांगितलं होतं. पण फलक जड, थंडी कडाक्याची आणि बाप प्रेमळ. एका ई-रिक्षाच्या पुढे काढायला त्यांनी पाय दाबला, पाइप सुटला आणि आमचं अख्खं आंदोलन धुरात दिसेनासं झालं. धूर विरला तेव्हा गाडीतून फलक घेऊन उतरणारी मी सगळ्यांना दिसले. आमच्यातल्या एकानं, पुरावा म्हणून, व्हिडिओ काढला होता. फार छान आला होता. मी तो कुठेही टाकू दिला नाही. सेन्सॉरशिपविरुद्ध मी दोन पत्रकं लिहिलेली आहेत, तरीही.

संताप कुणावर तरी काढायलाच हवा होता. मिस्त्रींनी या वेळी अख्खा पाइप नवा टाकला, तरी मी घरी येऊन पत्रक लिहायला बसले. पत्रकाचं शास्त्र मला येतं: पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत मागणी, तिसरीत इशारा, आणि चौथी ओळ लिहायचीच नाही. ‘तीन बार मरम्मत, तीन बार धोखा’ असा मथळा दिला आणि सोसायटीतल्या प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एकेक प्रत खोचली. मिस्त्रींना आधी विचारावं, हे मला सुचलंही नाही. आम्ही कारखान्यांना कुठे विचारतो?

संक्रांत चार दिवसांवर आली आणि नवा पाइपही निसटला. बाबा जेवले नाहीत. “मंडळाच्या बसमध्ये जागा आहे का विचार,” एवढंच आईला म्हणाले आणि पेपर उलटा धरून बसले. दुसऱ्या गॅरेजांना फोन केले; संक्रांतीच्या आत कुणीच गाडी घ्यायला तयार नव्हतं. उरले तेच मिस्त्री.

गेलो. माझं पत्रक त्यांनी पान्यांच्या फळीवर खिळा मारून लावलं होतं. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “लिखा अच्छा है, मॅडम. झूठ है, पर अच्छा है.”

मग त्यांनी पाइप काढला. तोंडातून आत बोट फिरवलं, हुंगलं आणि ते बोट सरळ माझ्या नाकापुढे धरलं. तो वास मी जन्मापासून ओळखते. माझ्या लहानपणीच्या सगळ्या रविवारांना तोच वास होता.

“बाबूजी,” मिस्त्री म्हणाले, “ये खानेवाला है या सिर में लगानेवाला?”

बाबांनी घसा साफ केला. “खोबरेल है. इससे रबर कडक नहीं होता.”

आता बाबांविषयी सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या भांडारात आलेला माल तपासून ताब्यात घेण्यात गेली. तपासल्याशिवाय सही नाही. या हिवाळ्यात गॅरेजमधून गाडी आली की पहिल्या रविवारी ते बॉनेट उघडत, पट्टा ढिला करून पाइप बाहेर काढत, त्याच्या तोंडाला आतून-बाहेरून खोबरेल चोळत आणि पुन्हा होता तसा लावत. त्यांच्या लेखी गाडी तेव्हा ताब्यात आली. दिल्लीच्या थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून आधी बाटली बाल्कनीत उन्हात ठेवत. ती बाटली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. आईला तर नवलही वाटलं होतं की ह्यांच्या डोक्यावर आहेत तेवढ्या केसांना महिन्यात दोन बाटल्या कशा लागतात.

तेल लावलेला पाइप टर्बोच्या दाबापुढे किती वेळ टिकणार? साबण लावलेली बांगडी जितका वेळ मनगटात टिकते तितका.

मिस्त्रींनी दोन अटी घातल्या. पानिपतहून परत येईपर्यंत बाबूजी बॉनेटला हात लावणार नाहीत. आणि जितक्या वायपरखाली पहिलं पत्रक गेलं, तितक्याच वायपरखाली दुसरं जाईल.

दुसरं पत्रक मी आधी मराठीत लिहिलं, बाबांनी तपासलं. मी लिहिलं होतं, ‘चूक माझ्या वडिलांची आणि माझी.’ त्यांनी ते खोडून ‘देखभालीदरम्यान अनवधानाने स्निग्ध पदार्थाचा वापर झाल्याचे निदर्शनास आले आहे’ असं केलं. मी म्हटलं, यात माणूस कुठे आहे? ते म्हणाले, “सरकारी कागदात माणूस नसतो, बाई.” शेवटी माझंच वाक्य हिंदी होऊन गेलं. वाटायला ते स्वतः आले, मफलर नाकापर्यंत गुंडाळून.

त्या आठवड्यात हवा जरा बरी होती, त्यामुळे हवा बिघडली की जुन्या डिझेलवर लागते ती तात्पुरती बंदी उठली होती. मी त्याचा निषेध करायला हवा होता. मी पुढच्या सीटवर बसले.

मुरथलला पराठ्यांसाठी थांबलो तेव्हा बाबा गाडीपुढे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून. आई आतून म्हणाली, “अहो, सोडा तिला. पराठा गार होतोय.” ते आले, पण गाडी दिसेल अशी खुर्ची घेऊन बसले.

पुढे पानिपतच्या अलीकडे उसाचा एक अवाढव्य ट्रक आडवा आला. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाय दाबला. बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला, गाडीनं पाठीत धक्का दिला, ट्रक मागे पडला. फस्स झालं नाही. बाबांचे कान लाल झाले होते.

काला अंबला ते स्तंभापुढे बराच वेळ हात जोडून उभे होते. मग मंडळाची बस आली आणि कंबर धरत उतरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी त्या ट्रकची हकीकत सांगितली.

परत निघताना त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. “घे. माझं झालं. तू चालव.”

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि किल्ली घेतली. हायवेला लागल्यावर पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली होती, बाजूची लेन मोकळी. मी दाबलं.

“अगं, हळू,” आई मागून म्हणाली. “बापावर गेलीस.”